शिंका, फोडणी आणि नाकातली दारे

अकोल्याच्या एका भगिनीचे पत्र समोर आहे. लग्नाला नऊ वर्षे झाली, दोन मुले आहेत. सकाळी उठले की पंधरा-वीस शिंका, मग नळासारखे वाहणारे नाक, आणि फोडणीत मिरची पडली की जीव नकोसा. सासूबाई म्हणतात, "काम निंगालं का हिचं नाक सुरू!" शेवटी त्या विचारतात, "ताई, खरंच हे मनाचं असेल का?"

नाही हो, मुळीच नाही. शिंक ही ठरवून येत नाही नि ठरवून थांबत नाही.

नाकाच्या अस्तरात मज्जातंतूंची बारीक टोके असतात आणि त्यांवर प्रथिनांची अतिसूक्ष्म दारे असतात. शास्त्रज्ञ त्यांना आयन चॅनेल म्हणतात. दार उघडले की सोडियम, कॅल्शियम यांचे विद्युतभारित कण आत शिरतात आणि मेंदूकडे वर्दी जाते. मग शिंक, पाणी, खाज. यांतल्या एका दाराचा शोध १९९७ साली अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत लागला, तोही मिरचीतल्या तिखट द्रव्याच्या मदतीने! तेच दार सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या उष्णतेनेही उघडते. तिखट खाल्ले की तोंडाची 'आग' होते म्हणतो ना, ते अगदी खरे आहे. (४३ अंश म्हणजे अकोलेकरांना मे महिन्यात नवलाई नाही.) ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकही मिळाले.

आता वावड्याचे बघा. धूळ, बुरशी किंवा परागकण नाकात गेले की तिथल्या काही पेशींत अशाच दारांतून कॅल्शियम घुसते आणि हिस्टामिन बाहेर पडते. अस्तर सुजते. सुजलेल्या जागी मिरचीच्या दाराची कडी सैल होते, आणि शेजारणीला ज्या फोडणीने नुसता ठसका लागतो, तिनेच तुमच्या शिंकांचा सपाटा सुरू होतो. हे सासूबाईंना वाचून दाखवा.

आता उपाय. आधी कूलर बघा. आपल्या वऱ्हाडात अमरावती काय नि अकोला काय, कूलरवाचून उन्हाळा निघत नाही. पण त्याच्या ओल्या गवतावर बुरशी धरते नि ती रात्रभर तोंडावर फुंकली जाते. दर उन्हाळ्यात गवत नवे घाला, टाकी आठवड्याला रिकामी करून घासा. पावसाळ्यात अंगणाच्या कडेला गाजर गवत फुलते, त्याचे परागही त्रास देतात. फुलायच्या आत उपटून टाका, पण हातमोजे घालून, नाक-तोंड बांधून. आणि ज्यांना आधीच त्याचे वावडे आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

बामची गंमत अशी, की मेंथॉल थंडाव्याचे दार उघडते. नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, सूज मात्र तेवढीच राहते. मोठ्यांनी लावायला हरकत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाशी मात्र बाम किंवा कापूर नेऊ नका.

खरी काळजी मला वेगळीच वाटली. पत्रात सहज लिहिले आहे, की नाक मोकळे करणारे थेंब त्या सहा महिने रोज घालतात. बाई गं! हे थेंब चार-पाच दिवसांपुरते. पुढे त्यांचा असर उतरला की नाक अधिकच चोंदते, म्हणून पुन्हा थेंब, आणि हे चक्र सुटत नाही. डॉक्टरांना हे मोकळेपणी सांगा, लपवू नका. ते बहुधा नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा देतील. नावाला घाबरू नका, पण गुण यायला आठ-पंधरा दिवस लागतात, तेव्हा दोन दिवसांत टाकून देऊ नका. फवारा मधल्या पडद्यावर नको, बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने मारायचा. मिठाच्या पाण्याने नाक धुणेही चांगले, पाणी मात्र उकळून गार केलेलेच हवे.

मिरचीच्या द्रव्याचा फवारा काही रुग्णांत, वावडे नसतानाही वाहणाऱ्या नाकावर, डॉक्टर वापरतात. घरी हा प्रयोग चुकूनही नको! एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल किंवा एकच बाजू सतत बंद असेल, तर थांबू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि यंदाचे तिखट घरी कुटू नका, डंकावर द्या. सासूबाईंना ठसका लागला तर त्यांनाही डंकच बरा वाटेल.