जिना मोकळा, नेट चालू!

दिवाळीला खामगावला गेलो की माझं डेझिग्नेशन बदलतं. पुण्यात मी 'सीनिअर अ‍ॅनालिस्ट', घरी 'नेटवाला'. यंदाची केस मात्र सीरियस होती. राउटर खाली हॉलमध्ये, बाबांच्या आडतीचा हिशेब माडीवरच्या जुन्या पीसीत. पीसीला वाय-फाय नाही, शेजारच्या लेझर प्रिंटरलाही नाही. दोघांना फक्त लॅन पोर्ट. म्हणून जिन्यावरून लांबलचक पिवळी केबल! वसुबारसेला तिच्यातच आईचा पाय अडकला आणि ती दोन पायऱ्या घसरली. नशीब, मुक्या मारावर निभावलं.

"आता नवा लॅपटॉपच घेऊ," मी म्हणालो.

"चालू मशीन काहून फेकावं?" इति बाबा.

पॉइंट होता. बारा वर्षांचा हिशेब त्यात आहे आणि बाबांचा हातही त्याच कीबोर्डवर बसलाय.

तर मंडळी, अशा वेळी कामाला येतो वायरलेस ब्रिज. हा डबा एकीकडून वाय-फाय पकडतो आणि दुसरीकडून लॅन पोर्टातून बाहेर देतो. पीसीला वाटतं, आपण केबललाच जोडलोय. ड्रायव्हरची कटकट नाही.

खामगावकराला हे चटकन समजतं. मुंबई-नागपूर मेन लाइन जलंबवरून गेली, कापसाचा मोठा बाजार मात्र इथे. मग १८७० मध्ये जलंब ते खामगाव अशी सुमारे १३ किलोमीटरची फाट्याची लाइन सुरू झाली. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो! बाजार हलवला नाही, जोड दिली. ब्रिजचा फंडा तोच.

काय घ्यायचं? फक्त पीसी असेल तर यूएसबी वाय-फाय डोंगल पुरे. पण प्रिंटर किंवा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला तो बहुधा चालत नाही. तिथे लॅन पोर्ट असलेला रेंज एक्स्टेंडर घ्या. कपाटात जुना राउटर पडलाय? त्याच्या सेटिंगमध्ये 'क्लायंट' किंवा 'वायरलेस ब्रिज' मोड आहे का बघा. असेल तर खर्च शून्य. 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोड मात्र नको, त्याला मागून केबलच लागते.

आता चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, जिथे मोबाइलला चांगली रेंज मिळते तिथेच डबा लावा. पीसीशेजारी सिग्नलच नसेल तर तो बिचारा पकडणार काय? दोन, जाड भिंती असतील तर २.४ गिगाहर्ट्झ निवडा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो. तीन, पोर्ट एक आणि मशिन्स दोन असतील तर मध्ये छोटा स्विच टाका. चार, मेन राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता फिक्स करा, नाहीतर एखाद्या सकाळी तो 'ऑफलाइन' दिसेल. आणि हो, डब्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. हाच उपाय ऑफिसमधल्या कोपऱ्यातल्या प्रिंटरलाही लागू!

आमच्याकडे जिन्याच्या वळणावर एक्स्टेंडर लागला, माडीवर स्विच गेला. पाडव्याला बाबांनी पहिला प्रिंट काढला आणि काही न बोलता चष्मा पुसला. आमच्या घरात यालाच शाबासकी म्हणतात.

पिवळी केबल? ती आईने गच्चीत कपडे वाळत घालायला बांधलीये. म्हणाली, "आता कशी कामाची झाली!"