खांदा अडतो, मग कागद का अडतात?

बाळंतपणात मुलाचा हात लुळा पडला आणि आईबाप प्रश्न विचारू लागले, की त्यांना ठरलेलं उत्तर मिळतं : ‘बाळाचा खांदा अडणं कुणाच्या हातात नसतं. ते आधी कळतही नाही. मग निष्काळजीपणा कसला?’ यातली पहिली दोन विधानं मान्य करायला माझी हरकत नाही. तिसरं त्यांतून निघत नाही.

डोकं बाहेर येतं आणि पुढचा खांदा आईच्या ओटीपोटाखालच्या हाडामागे अडतो. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची मार्गदर्शिका सांगते, की खालून होणाऱ्या बाळंतपणांत हे हजारी सहा-सात वेळा घडतं. त्यातली जवळपास निम्मी बाळं चार किलोच्या आतली असतात. म्हणजे वजनावरूनही नेमका अंदाज बांधता येत नाही. पण अडचण अचानक आली, एवढ्याने ती आल्यावर काय केलं याचा हिशेब माफ होत नाही. मदतीला हाक मारायची, आईच्या मांड्या पोटाकडे दुमडायच्या, हाडाच्या लगेच वर दाब द्यायचा, तेवढ्याने भागलं नाही तर बाळाचा मागचा हात आधी काढायचा, असा क्रम ठरलेला आहे. डोकं धरून जोराने ओढायचं नाही. पोट वरून दाबायचं नाही, कारण त्याने खांदा आणखी रुततो. आपल्याकडच्या किती लेबर रूममध्ये ‘जरा पोट दाबा हो’ ही हाक अजून ऐकू येते, हे तिथं काम केलेल्या कुठल्याही नर्सला विचारावं.

ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात डॉक्टर आणि दायांना या प्रसंगाचा एकत्र सराव देणं सुरू झालं. खांदा अडलेल्या बाळंतपणांत बाळाला इजा होण्याचं प्रमाण 9.3 टक्क्यांवरून 2.3 टक्क्यांवर आलं. दैव प्रशिक्षणाने सुधारत नसतं. माणसांचे हात सुधारतात. सरावाने टळणाऱ्या इजेला निव्वळ नशीब म्हणता येणार नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळू. ‘हात गेला, म्हणजे डॉक्टरने ओढलाच,’ हे त्यांचं म्हणणं. तेही टिकत नाही. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा कळांच्या जोरानेही ताणला जाऊ शकतो. सिझर झालेल्या बाळांतही ही इजा नोंदलेली आहे. बहुतेक मुलांचा हात महिन्यांत सुधारतो, कायमचं अपंगत्व दहात एकाहूनही कमी मुलांना येतं. म्हणून इजा हा गुन्ह्याचा पुरावा धरून पोलीस ठाणं गाठणं, त्याहून वाईट म्हणजे दवाखान्याच्या काचा फोडणं, यात मुलाचं काडीचं हित नाही. जेकब मॅथ्यू प्रकरणात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा चालवायचा तर निष्काळजीपणा ढळढळीत आणि टोकाचा असावा लागतो. शिवाय फौजदारी खटल्यातून शिक्षा झाली, तरी मुलाच्या वर्षानुवर्षांच्या फिजिओथेरपीचा खर्च कोण देणार?

तिसरा आक्षेप ऐकायला सभ्य आहे : ‘धोके सांगत बसलो तर सगळ्याच बायका सिझर मागतील.’ हाच युक्तिवाद स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशायरच्या एका डॉक्टरने केला होता. 1999 सालची गोष्ट. आई मधुमेही, उंचीने लहान; एवढं मोठं मूल खालून होईल का, ही धास्ती तिने बोलून दाखवली होती. मधुमेही आईच्या बाळाचा खांदा अडण्याची शक्यता नऊ-दहा टक्के असते, हे तिला सांगितलं गेलं नाही. डोक्यानंतर धड यायला बारा मिनिटं लागली. मुलाला सेरेब्रल पाल्सी झाली, हाताच्या नसांनाही इजा झाली. स्कॉटलंडच्या दोन्ही न्यायालयांत ती हरली. 2015 साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला : तिच्या जागी असलेल्या बाईला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो सांगणं डॉक्टरचं कर्तव्य आहे. भरपाई साडेबावन्न लाख पौंडांची होती.

आणि सिझरच्या लाटेचं म्हणाल, तर 1996 सालचा एक अमेरिकी हिशेब बोलका आहे. साडेचार किलोच्या पुढचा अंदाज असलेल्या, मधुमेह नसलेल्या बायकांत एक कायमची इजा टाळायला साडेतीन हजारांहून अधिक सिझर करावी लागतील. मधुमेही बायकांत साडेचारशेच्या आसपास. म्हणून सरसकट सिझरचा आग्रह चूक आहे, पण शुगर असलेल्या बाईला अंधारात ठेवणं त्याहून चूक आहे. समीरा कोहली प्रकरणात (2008) आपल्या सर्वोच्च न्यायालयाने संमतीपूर्वी पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती देणं बंधनकारक ठरवलं, पण ‘पुरेशी’ म्हणजे किती, याचं माप डॉक्टरी प्रथेकडेच ठेवलं. हे माप आता बदलायला हवं, असं माझं ठाम मत आहे. कळा सुरू असताना छापील फॉर्मवर घेतलेली सही कसली संमती?

तर मग कुटुंबाने करायचं काय? माझ्या मते भांडणाची सुरुवात केसपेपरपासून व्हावी. डोकं किती वाजता आलं, धड किती वाजता, कोणत्या युक्त्या कोणत्या क्रमाने केल्या, खोलीत कोण होतं, पुढे कोणता खांदा होता, हे सगळं लिहिलेलं असायला हवं. शेवटची नोंद किरकोळ वाटते, पण निकाल फिरवू शकते. इजा मागच्या खांद्याच्या हाताला असेल, तर ‘ओढल्याने झाली’ हा आरोप लंगडा पडतो. नीट लिहिलेला कागद प्रामाणिक डॉक्टरलाही वाचवतो. म्हणूनच तो देताना खळखळ करणाऱ्या दवाखान्याबद्दल संशय बळावतो. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून 72 तासांत कागद द्यायचे असतात. रुग्णाचा हा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने 1996 सालीच मान्य केला आहे.

पैसे घेणारं रुग्णालय असेल तर ग्राहक आयोग आहे. शांता खटल्याने (1995) डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. स्प्रिंग मेडोज प्रकरणात (1998) मूल आणि आईबाप दोघंही ग्राहक ठरले, भरपाईही दोघांना स्वतंत्र मिळाली. 2019 च्या कायद्यामुळे राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कोणत्या पातळीवरचा आयोग, हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे तर भरलेल्या बिलावर ठरतं, त्यामुळे बहुतेक प्रकरणं जिल्ह्यातच चालतील. पाच लाखांपर्यंतच्या बिलाला तक्रारीचं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मात्र अशा गुंतागुंतीच्या प्रकरणात त्रयस्थ प्रसूतितज्ज्ञाचं लेखी मत हाती नसेल, तर बाजू उभी राहणं कठीण. वैद्यक परिषद डॉक्टरची नोंदणी स्थगित करू शकते, भरपाई देत नाही.

संपूर्ण मोफत सरकारी दवाखान्यात मात्र ग्राहक कायदा पोचत नाही, आणि गरिबाची बाळंतपणं तिथंच होतात. त्यांना दिवाणी दाव्याची वाट उरते. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 साली बाळंतपणानंतरच्या शस्त्रक्रियेत बाईच्या पोटात टॉवेल राहिला; त्या खोडवा खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरलं. तेहतीस वर्षं लागली. मोफत सेवा घेणाऱ्या बाईला ग्राहकाइतका तरी सोपा दरवाजा मिळालाच पाहिजे.

ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना एवढंच सांगणं : तीन महिन्यांत हात कोपरातून वाकला नाही, तर थांबू नका, नसांच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या सर्जनला दाखवा. केसपेपरसाठी लेखी अर्ज आजच द्या आणि त्याची पोच घ्या. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे.