गोष्टीत बाई नाही, म्हणून प्रश्न बाईचा नाही?



ढाणकी आणि बंदीभागातल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत यंदा एक ठराव आला. मुलींच्या वसतिगृहांत आणि खोल्या करून राहणाऱ्या कॉलेजच्या मुलींकडून मोबाईल जमा करून घ्यावेत, कारण मुली त्यावर ‘पोरापोरांच्या प्रेमाच्या’ जपानी गोष्टी बघतात. ठराव मांडणाऱ्या बाया आपल्याच आहेत. त्यातल्या दोघी दारूबंदीच्या मोर्चात माझ्या पुढे चालत होत्या. ठरावाच्या बाजूने तीन मुद्दे मांडले गेले. एक, ही परदेशी घाण आहे. दोन, यात बाईच नाही, तेव्हा हा आपला विषय नाही. तीन, मजुरी, पाणी, रेशन हे प्रश्न सोडून या चैनीच्या गोष्टींत कशाला पडायचे? मी ठरावाच्या विरोधात बोलले. तिथे वेळ थोडा होता, म्हणून इथे सविस्तर मांडते आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. न बघता बंदी घालण्याची सवय आपण सत्ताधाऱ्यांकडून उचलायला नको.

जपानमधल्या स्प्रे या कंपनीने २००२ साली ‘गाकुएन हेवन’ नावाचा संगणकावरचा खेळ काढला. यात धावणे, मारणे काही नसते. पडद्यावर चित्र येते, खाली संवाद येतो, तो वाचत पुढे जायचे. मध्येच गोष्ट थांबते आणि विचारते, आता काय करायचे? समोर दोन-तीन पर्याय असतात. जो निवडाल तिकडे गोष्ट वळते. अशा खेळाला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. केइता इतो नावाच्या एका साध्या मुलाला बेल लिबर्टी या नामांकित निवासी शाळेत प्रवेश मिळतो. शाळा फक्त मुलग्यांची. तिथला प्रत्येक जण कशात ना कशात अव्वल. केइताजवळ मात्र चांगल्या नशिबाखेरीज काही नाही, आणि आपल्याला इथे का बोलावले हे त्यालाच उमगत नाही. खेळणारीने त्याच्या वतीने निवड करत जायची, आणि त्याचे प्रेम कोणत्या मुलावर जडते हे त्या निवडींवर ठरते. २००६ साली याच गोष्टीवर जपानी दूरचित्रवाणीवर कार्टून मालिकाही झाली.

या प्रकाराला ‘बॉईज लव्ह’ म्हणतात. आमच्या बैठकीत एक गोष्ट कुणी विचारातच घेतली नाही. हे साहित्य बहुतांशी बायकांनी लिहिलेले, बायकांनी काढलेले आणि बायकांनी वाचलेले आहे.

त्याला पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. १९७०च्या सुमारास जपानमध्ये मुलींच्या चित्रकथा-मासिकांत काही तरुण बायका लिहू लागल्या. त्यातल्या बऱ्याच जणींचा जन्म १९४९च्या आगेमागे झालेला. त्यांतली मोतो हागिओ. तिने १९७१ साली निवासी शाळेतली एक छोटी चित्रकथा लिहिली, ‘नोव्हेंबरचे जिम्नॅशियम’. ती गोष्ट तिने आधी मुलींच्या शाळेत घडवून पाहिली होती. जमेना. मुलींच्या जागी मुलगे घातले तेव्हा हात मोकळा झाला. पुढे १९७४ साली तिची ‘थॉमसचे हृदय’ ही जर्मनीतल्या मुलग्यांच्या निवासी शाळेवरची दीर्घ चित्रकथा आली. तिची सहकारी केइको ताकेमिया हिची ‘वारा आणि झाडांचे गाणे’ फ्रान्समधल्या निवासी शाळेत घडते. ती छापायला संपादक कितीतरी वर्षे राजी नव्हते. शेवटी १९७६ साली ती सुरू झाली आणि १९८४ पर्यंत चालली. ‘गाकुएन हेवन’ची निवासी शाळा या परंपरेतून आलेली आहे.

आता प्रश्न असा की बाई लिहिते, बाई वाचते, मग गोष्टीतून बाईलाच का काढून टाकते?

याचे उत्तर मला पुस्तकांआधी ढाणकीच्या मुलींनी दिले. बी.ए.ला असलेली, रोज एस.टी.ने उमरखेडला जाणारी एक मुलगी म्हणाली, “त्याच्यात पोरगी नाही ना ताई, म्हून भेव नाही लागत.” दुसरी म्हणाली, “पोरगी असली की पुढं काय होते ते आपल्याले ठाऊकच असते.”

या दोन वाक्यांवर आपण परिसंवाद घ्यायला हवा. गोष्टीत मुलगी आली की तिच्यासोबत काय काय येते? तिची इज्जत येते, बापाची मान येते, भावाचा पहारा येतो, जात येते, हुंडा येतो, दिवस जाण्याची भीती येते. हिंदी सिनेमातला नायक पिच्छा पुरवतो आणि ती शेवटी हसते, तेही येते. दोन मुलग्यांच्या गोष्टीत यातले काही येत नाही. तिथे दोघे एका वर्गात शिकतात, एकाच पंगतीत जेवतात, निदान सुरुवातीला एकाच पातळीवर उभे असतात. वाचणारीच्या अंगावर काही येत नाही. ती पहिल्यांदा प्रेमाकडे न घाबरता बघू शकते.

निवासी शाळेचेही तेच. आमच्या तांड्यांतली माणसे ऊसतोडीला जातात तेव्हा पोरांना आश्रमशाळेत ठेवतात. वसतिगृह म्हणजे घराची नजर पोहोचत नाही अशी जागा. मुलग्याला ती स्वातंत्र्य देते. मुलीच्या बाबतीत मात्र घराची नजर रेक्टरबाईंच्या हाती सोपवली जाते. परिणामी ज्या मोकळ्या वसतिगृहात राहायला मिळाले नाही, त्यात ती गोष्टीतल्या मुलग्याच्या अंगाने राहून घेते.

आणि निवड! या खेळाचा सगळा जीव निवडीत आहे. चुकीचा पर्याय निवडला तर गोष्टीचा शेवट वाईट होतो, पण मागे जाऊन पुन्हा निवडता येते. आमच्या भागात पाहायच्या कार्यक्रमाला पोह्यांची बशी घेऊन येणाऱ्या मुलीला किती पर्याय असतात? आणि तिचे एक पाऊल चुकले, नुसते कुणाशी बोलताना दिसली, तर मागे जायची सोय कुठे असते? कॉलेज बंद, फोन बंद, आणि पुढच्या लग्नसराईत तिचा निकाल. तेव्हा हा चैनीचा प्रश्न आहे असे जे म्हणतात, त्यांनी सांगावे की भीती न बाळगता प्रेम कसे असते याची कल्पना करणे ही फक्त शहरातल्या मुलींचीच गरज आहे का?

याचा अर्थ या गोष्टी निर्दोष आहेत असा नाही. त्यांची बाजू घेणाऱ्यांनीही थोडे ऐकावे. ‘गाकुएन हेवन’ची मूळ संगणक-आवृत्ती प्रौढांसाठीची होती, ती शाळकरी मुलींच्या हाती जाता कामा नये, यात मला संशय नाही. लहान मुलांची लैंगिक दृश्ये संगणकावर दाखवणे आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमाखाली गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. दुसरे, या साहित्यात जबरदस्तीला प्रेमाचे नाव देण्याची खोड जुनी आहे. एक जण ‘नको’ म्हणतो, दुसरा ऐकत नाही, आणि शेवटी पहिल्याला तेच हवे होते असे निघते. बाई गोष्टीतून गेली, पण बाईवर चालणारी सत्ता मागे राहिली. ती दुबळ्या मुलग्याच्या अंगावर जाऊन बसली.

इथे विदर्भातल्या बाईने गप्प बसू नये. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असे धरून १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून विचारले की शरण जाणे म्हणजे संमती देणे आहे काय? त्या प्रश्नातून देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. होकार आणि शरणागती यांतला फरक आपल्या चळवळीने इतकी किंमत मोजून शिकला. तोच फरक मुलींना या गोष्टी वाचताना वापरायला शिकवणे, हे आपले काम. फोन हिसकावून घेतला की ते शिकवण्याची संधीच जाते. उलट मुलगी एवढेच शिकते की आपल्या मनातले बाईसमोरही बोलायचे नाही.

आणखी एक वाद आपल्याला माहीत हवा. १९९२ साली जपानमध्ये ‘श्वाझीर’ या स्त्रीवाद्यांच्या एका छोट्या पत्रिकेत मासाकी सातो या समलिंगी कार्यकर्त्याने अशा गोष्टी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बायकांवर कडक टीका केली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की तुम्ही आमची देखणी चित्रे रंगवता, आणि खऱ्या आयुष्यातल्या आमच्याशी तुम्हाला काही देणेघेणे नाही. त्या पत्रिकेतल्या बायकांनी त्याला उत्तरे दिली आणि वाद काही वर्षे चालला. काहींनी टीका मान्य केली, काहींनी म्हटले की बाईला स्वतःच्या कल्पनेवरही हक्क नाही का? मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. आपल्या पत्रिकेसारख्याच एका पत्रिकेत हे भांडण उघडपणे झाले, याचा मला हेवा वाटतो.

कारण आपल्याकडे काय झाले? विषय परदेशी आहे म्हणणाऱ्यांनी आठवावे. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. दुसऱ्या मुलीवर प्रेम करणारी कॉलेजातली मुलगी त्यात होती, आणि ती भूमिका रोहिणी हट्टंगडींनी केली. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ ही कादंबरी २००६ सालची. मराठी घरातले भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरू तरुणाच्या प्रेमात पडतात. १९९८च्या डिसेंबरात ‘फायर’ चित्रपटासाठी मुंबईत थिएटरे फोडली गेली, तेव्हा विरोधात रस्त्यावर उतरणाऱ्यांत स्त्री-संघटनाही होत्या. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. म्हणजे गोष्ट परदेशी असेल, माणसे इथलीच आहेत. ढाणकीच्या बाजारातही आहेत. घरचे लग्न लावून देतात तेव्हा त्यांच्या बायका आपल्याकडे समुपदेशनाला येतात. ‘नवरा जवळ येत नाही’ म्हणून एकटीच दोष घेऊन बसलेली बाई आपल्यापैकी कुणी पाहिलेली नाही? त्या मुलाला ‘नको’ म्हणता आले असते, तर दोन आयुष्ये वाचली असती. ‘हा बाईचा विषय नाही’ हे म्हणणे इथेच संपते.

आणि खरी निवासी शाळा? तिथल्या मुलग्यांबद्दल आपण कधी ठराव केला? २०१२चा पॉक्सो कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखेच संरक्षण देतो. त्याच्या १९व्या कलमाप्रमाणे अत्याचार कळला की तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पण मुलग्याने सांगितले तर ‘पोरगा असून रडतो’ हे उत्तर मिळते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची स्थिती तर आता अधिक वाईट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ कलमाचा कोणताच अंश ठेवलेला नाही, आणि बलात्काराच्या कलमात पीडित फक्त स्त्री आहे. परिणामी कॉलेजच्या वसतिगृहात एखाद्या तरुणावर पुरुषाने लैंगिक बळजबरी केली, तर त्या गुन्ह्याला कायद्यात स्वतःचे नावच उरलेले नाही. मारहाण, डांबून ठेवणे असली कलमे लावत बसायचे. मोबाईलमधल्या मुलग्यांची एवढी काळजी करणाऱ्यांनी या मुलग्यांसाठी काय केले?

म्हणून मोबाईल जमा करण्याच्या ठरावाऐवजी मी पुढील गोष्टी मांडते.

मुलींच्या फोनला हात लावायचा नाही. महिन्यातून एकदा अठरा वर्षांवरच्या मुलींबरोबर बसून त्या काय बघतात, वाचतात यावर मोकळी चर्चा घ्यायची. गोष्ट जपानी असो, हिंदी असो की मराठी, तीन प्रश्न विचारायचे. कुणी कुणाला विचारले? ‘नाही’ म्हणण्याची सोय होती का? ‘नाही’ म्हटल्यावर काय झाले? शाळकरी मुलींसाठी वयाला शोभेल असे शरीराचे आणि संमतीचे शिक्षण वसतिगृहातच सुरू करायचे. १०९८ हा क्रमांक मुलींच्याच नव्हे, मुलग्यांच्या वसतिगृहांतही भिंतीवर लिहून घ्यायचा, आणि तक्रार ऐकणारी बाहेरची व्यक्ती नेमण्याचा आग्रह प्रकल्प कार्यालयाकडे धरायचा. प्रौढ पुरुषांवरच्या आणि तृतीयपंथी व्यक्तींवरच्या लैंगिक बळजबरीसाठी कायद्यात स्पष्ट कलम हवे, ही मागणी आपल्या मागणीपत्रात घालायची. मुलीच्या बलात्काराच्या कलमाला धक्का न लावता ते करता येते.

आपल्या मुलींनी प्रेमाची कल्पना करण्यासाठी परक्या मुलग्याचे शरीर उसने घेतले. याची लाज त्यांना वाटायचे कारण नाही. ती वाटायची असेल तर ज्या गावात मुलीला स्वतःच्या शरीरात निर्धास्त राहता येत नाही, त्या गावाला वाटावी. आणि त्या गावात आपणही आहोत.