कोरी वही

मागच्या महिन्यात पालकसभा संपल्यावर एका मुलाची अम्मी माझ्याजवळ थांबली. म्हणाली, "टीचर, याला ध्यानाच्या क्लासला घालू का? रोज अर्धा तास डोळे मिटून बसवतात. मग म्हणे डोकं चालतं, नवीन नवीन सुचतं." मी "बघा घालून" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आले तरी तिचा प्रश्न पाठ सोडेना. सुचण्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे, तीही आठवत राहिली.

आधी इब्ने सीना यांची गोष्ट सांगते. हजार वर्षांपूर्वी बुखाऱ्याजवळ जन्मलेले हे हकीम आणि फिलॉसॉफर. आपल्या तरुणपणाची हकीकत त्यांनी शागिर्द जुझजानी यांना सांगून लिहवून घेतली आहे. एखाद्या युक्तिवादातला मधला दुवा सापडेनासा झाला, की ते मशिदीत जात, नमाज पढत, अल्लाहकडे मदत मागत. रात्री घरी येऊन दिवा लावून पुन्हा वाचायला बसत. झोप लागली तर तेच प्रश्न स्वप्नात येत, आणि कित्येक प्रश्न झोपेतच सुटत.

आपल्याकडे ही हकीकत सांगताना लोक झोपेवर थांबतात. पण त्याच हकीकतीत पुढे आहे, की ॲरिस्टॉटलचं मेटाफिजिक्स त्यांनी चाळीस वेळा वाचलं. पाठ झालं, पण कळलं नाही. शेवटी एका असरच्या वेळी बाजारात एक पुस्तकवाला मागे लागला. मालकाला पैशांची गरज आहे, तीन दिरहममध्ये घ्या, म्हणाला. पुस्तक फाराबींचं होतं. घरी येऊन वाचलं आणि सगळं उलगडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गरिबांना सदका वाटला. त्या तीन दिरहमांच्या मागे चाळीस पारायणं होती. मी घेतलं असतं तर ते पुस्तक माझ्या कपाटात पडून राहिलं असतं.

अगदी असंच शंभर वर्षांपूर्वी ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात घडलं. ओटो लोवी नावाच्या शास्त्रज्ञांना झोपेत एक प्रयोग सुचला. अर्धवट जागे होऊन त्यांनी कागदावर काही खरडलं. सकाळी पाहिलं तर आपलंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तीन वाजता तोच विचार परत आला. या वेळी ते सरळ प्रयोगशाळेत गेले. एका बेडकाच्या हृदयाची नस उत्तेजित करून त्याची गती मंदावली आणि त्याच्या भोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर घातलं. तेही मंदावलं. नसा रसायनातून निरोप पोचवतात, हे कळलं. 1936 मध्ये त्यांना हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल मिळालं. पण ही कल्पना 1903 पासून त्यांच्या मनात कुठेतरी पडून होती.

आता माझी चूक. आठवीच्या वर्गात 'माझे घर' हा निबंध दिला होता. एक मुलगी तास संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. वही कोरी. मी सगळ्यांसमोर बोलले, "झोपा काढायला येतेस का शाळेत?" तिने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तिने दोन पानं लिहून आणली. पहिलंच वाक्य होतं, की जुनं घर सोडलं तेव्हा आम्हा भावंडांची उंची मोजलेल्या खुणा भिंतीवरच राहिल्या. वीस वर्षं निबंध तपासते आहे, असं वाक्य क्वचितच मिळालं. विचारलं, "हे कधी सुचलं?" म्हणाली, "रात्री भांडी घासताना, टीचर. वर्गात तेच शोधत होते."

(आमच्या उर्दूत वही म्हणजे अल्लाहकडून नबींना आलेला संदेश, मराठीत कागदाची. मी बोलतेय ती कागदाचीच. माणसाला सुचलेलं तपासून घ्यावं लागतं. लोवींनीही ताबडतोब बेडूक शोधले.)

त्या अम्मीला आता सांगेन, क्लासची फी राहू द्या. शांत बसणं चांगलंच आहे. घाबरलेलं मन त्याने निवळतं. पण डोळे मिटले तरी आत जे नाही ते वर कुठून येणार? आणि जे आहे त्याला वर यायला फुरसत हवी. शाळा, ट्यूशन, मदरसा, मग मोबाईल, यात पोराला भांडी घासण्याइतकी तरी रिकामी जागा मिळते का, ते पाहा. नमाज, जिक्र, मुराकबा यांकडे मात्र मार्क वाढवायचं साधन म्हणून बघू नका. इब्ने सीना मशिदीत मदत मागायला गेले. वाचण्याची मेहनत त्यांनी घरी येऊन केलीच.

त्या मुलीची माफी मी वर्गातच मागितली, कारण बोलले होते वर्गातच. आता निबंधाचा विषय गुरुवारी देते आणि शनिवारी लिहायला सांगते. मधे जुम्मा येतो.