महापुरातली तहान

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचे पाणी गावोगाव शिरले, तेव्हा एक विपरीत दृश्य आपण सर्वांनी पाहिले. चोहीकडे पाणीच पाणी आणि पिण्याच्या घोटासाठी मात्र टँकरची वाट! कारण जे अमाप होते ते गढूळ होते. वार्तेच्या बाबतीत आज आपली नेमकी हीच अवस्था झाली आहे. खिशाखिशांत बातम्यांचा पूर. निःशंकपणे ओठी लावावा असा पेला मात्र शोधूनही सापडत नाही.

हा पूर माणसेही मारतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांना ठेचून ठार केले. ते होते मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी, भिक्षेवर पोट भरणारे. त्यांचा अपराध कोणता? मुले पळवणारी टोळी हिंडते आहे, अशी कंडी मोबाईलवरून पिकली होती! त्या सुमारास देशभर फिरलेल्या एका चित्रफितीचे मूळ तर कराचीचे. मुलांना जपा, असे पालकांस बजावण्यासाठी केलेला तो अभिनय होता. कोणीतरी शेवटचा खुलासा कापला आणि उरलेला तुकडा पुरावा ठरला.

पुढे व्हॉट्सअॅपने एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येईल असा बांध घातला. पण बांधाने पाणी अडते, निवळत नाही. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अफवेनेच दोन साधूंचा व त्यांच्या चालकाचा बळी घेतला.

आणि आपले सुशिक्षित बंधू काय म्हणतात? ‘जसे आले तसे पुढे पाठवले!’ ही पळवाट आम्हांस साफ अमान्य आहे. बाजारात हाती आलेले नाणे वाजवून घेणारे आपण, वार्ता मात्र न वाजवता शेजाऱ्याच्या पदरात टाकतो! १८६७ च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव घालणे बंधनकारक केले. तो कायदा परक्या सरकारने आपल्या सोयीसाठी केला खरा. परंतु जाब कोणाला विचारायचा, हे त्यामुळे वाचकालाही कळू लागले. आजच्या निनावी वार्तेला धनी कोण? जो पुढे धाडतो तोच!

म्हणून वाचकहो, चार प्रश्न विचारल्यावाचून बोट हलवू नका. हे कोण सांगतो? घडले कोठे? कोणत्या तारखेस? आणि मूळ अखंड आहे की कापलेले? उत्तर न मिळाल्यास ती वार्ता आपल्यापाशीच मरू द्या. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपणांस तर ही सावधगिरी अधिकच हवी. कुठल्याशा जुन्या दगडफेकीचे चित्र उद्या ‘आजचे’ म्हणून फिरले, तर त्याचे मोल मोजावे लागेल ते आपल्याच गल्लीतल्या माणसांना.

राईनपाड्यात त्या दिवशी एकाने जरी ‘थांबा, आधी खात्री करू’ हे शब्द जमावाच्या गळी उतरवले असते, तर पाच घरांचे दिवे विझले नसते. आपल्या गावात तो एक माणूस कोण होणार, एवढेच आम्ही विचारतो.