बटाट्याचे बेणे आणि शेतकऱ्याचा हक्क

उमरगा तालुका बटाट्याचा म्हणून ओळखला जात नाही. तूर, उडीद, सोयाबीन ही तेथील पिके. परंतु विहिरीला थोडेबहुत पाणी असलेला लहान शेतकरी रब्बीत बटाटा लावावयास निघाला, तर बेणे त्यास बाहेरून, शिवलेल्या पोत्यातून घ्यावे लागते. या पिकाच्या खर्चात बेण्याचा वाटा फार मोठा. तो बहुधा उसनवारीने भागवला जातो आणि पोत्यात काय आहे हे मात्र लावणीनंतरच कळते.

वस्तुतः कंदावरील खुणा पुष्कळ काही सांगतात. डोळ्यांपाशी विष्ठेचा भुसा व आत बोगदे दिसले, तर ती पाकोळीची अळी होय. ही कीड 1906 साली इटलीहून आणलेल्या बेण्याबरोबरच मुंबई इलाख्यात शिरली. खरबरीत, बुचासारखे डाग खरुजेचे. धुऊनही न निघणारे काळे कण बुरशीचे. सालीखाली तांबूस-तपकिरी कूज असेल, तर तो करपा. कंद आडवा कापल्यावर तपकिरी कडे दिसले आणि दाबताच त्यातून पांढुरका द्रव आला, तर ती ‘बांगडी’. खरूज बरीचशी सालीपुरती राहते. बांगडीचे जिवाणू मात्र जमिनीत टिकून पुढील पिकांसही ग्रासतात. आणि बांगडीचा कंद वरून निरोगीही दिसू शकतो. म्हणूनच केवळ शेतकऱ्याच्या नजरेवर भार टाकून शासनास मोकळे होता येणार नाही.

1966 चा बियाणे कायदा कंदालाही बियाणे मानतो. परंतु प्रमाणीकरण त्याने ऐच्छिक ठेवले. व्यापाऱ्याला इच्छेचे स्वातंत्र्य आणि शेतकऱ्याला नुकसानीची सक्ती, असा हा न्याय आहे! सदोष बियाण्याबद्दल शेतकरी ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली स्पष्ट केले. पण पावती न देणाऱ्या दुकानदाराविरुद्ध त्याने उभे राहावे कशाच्या बळावर?

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे : बेण्याचे प्रमाणीकरण सक्तीचे करा, तालुक्याच्या ठिकाणी लावणीपूर्व तपासणीची सोय करा, रोगट बेण्याची भरपाई विक्रेत्याकडून वसूल करा. तोवर कार्यकर्त्यांनी गावोगाव एवढे तरी शिकवावे : चार जणांनी मिळून बेणे घ्यावे, दुकानातच पोते उघडून काही कंद कापून पाहावेत, पावती व पोत्यावरील चिठ्ठी जपून ठेवावी. एकट्या शेतकऱ्याला दुकानदार पोते उघडू देणार नाही. संघटित गावाला त्यास नकार देता येणार नाही.