मर्गावर मिटणारी प्रकरणे

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात मूल शिकवायचे म्हणजे ते घरापासून दूर ठेवायचे, हे आता ठरूनच गेले आहे. बहुतेक मुले देवरी आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळांत जातात, प्रवेश परीक्षेत निवडली गेलेली नवेगावबांधच्या नवोदय विद्यालयात आणि काही आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून शहरातल्या ‘नामांकित’ इंग्रजी निवासी शाळांत. आईवडील पेटी पोहोचवून गावी परततात. त्या दिवसापासून मुलाचे जेवण, औषधपाणी, झोप, सारे शाळेच्या हाती. अशा शाळेत मूल दगावले की ठाण्यात मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होतो, पंचनामा होतो, व्हिसेरा नागपूरच्या प्रयोगशाळेकडे जातो, घरच्यांना सानुग्रह अनुदानाचा अर्ज मिळतो आणि बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटते. निवासी शाळेतला मृत्यू कोठडीतल्या मृत्यूइतक्याच गांभीर्याने आणि तितक्याच स्वतंत्र यंत्रणेकडून तपासला गेला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मर्गाची चौकशी मुळातच तोकडी असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 नुसार पोलिसांनी दोन पंचांसमक्ष मृत्यूचे वरकरणी कारण नोंदवायचे, एवढेच तिचे काम. त्या कारणामागे कोण होते, हे शोधणे तिच्या कक्षेत येत नाही. दिल्ली आयआयटीतील दोन विद्यार्थ्यांच्या मृत्यूंबाबत 24 मार्च 2025 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवले. अशी प्राथमिक चौकशी उरकून फाइल बंद करणाऱ्या पोलिसांना न्यायालयाने गुन्हा नोंदवायला लावला आणि आवारात आत्महत्येसारखी घटना घडल्यास तातडीने गुन्हा नोंदवणे हे संस्थेचेही कर्तव्य असल्याचे बजावले. त्याच वर्षी जुलैत विशाखापट्टणमच्या वसतिगृहात मरण पावलेल्या सतरा वर्षांच्या ‘नीट’च्या विद्यार्थिनीचा तपास, वडिलांच्या लढ्यानंतर, न्यायालयाने सीबीआयकडे दिला. घटना होती जुलै 2023 ची. लेकीच्या मरणाचा धड तपास व्हावा एवढ्यासाठी बापाला दोन वर्षे झगडावे लागले. याच संहितेचे कलम 196 मात्र पोलीस कोठडीत आरोपी मेला तर दंडाधिकाऱ्याची चौकशी सक्तीची करते, कारण मेलेला माणूस आणि पुरावा दोन्ही कोठडी सांभाळणाऱ्याच्याच ताब्यात असतात. वसतिगृहाची स्थिती यापेक्षा वेगळी कुठे आहे?

रहस्यकथेत निवासी शाळेतला खून लेखकाला सोयीचा असतो: बंद आवार, मोजके संशयित आणि कोणाचे मिंधेपण नसलेला बाहेरचा गुप्तहेर. प्रत्यक्षात हा बाहेरचा माणूसच येत नाही. पोलीस पोहोचेपर्यंत खोली झाडून झालेली असू शकते. पहिला जबाब वसतिगृहाच्या अधीक्षकाचा असतो आणि ज्या मुलांनी काही पाहिले त्यांना रात्री त्याच अधीक्षकाच्या देखरेखीखाली जेवायचे असते. मार्च 2019 मध्ये डेहराडून जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत सातवीतल्या मुलाचा मोठ्या मुलांच्या मारहाणीत मृत्यू झाला, तेव्हा आईवडिलांना न कळवता त्याला शाळेच्या आवारातच पुरण्यात आले होते. गुरुग्रामच्या एका शाळेत 2017 मध्ये झालेल्या विद्यार्थ्याच्या खुनात पोलिसांनी काही तासांतच बसच्या वाहकाला आरोपी ठरवले. पुढे सीबीआयने वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतले आणि वाहक निर्दोष सुटला. ती शाळा निवासी नव्हती, पण घाईच्या तपासाची किंमत कोण मोजतो ते तिथे दिसले. तमिळनाडूत कल्लकुरिचीजवळ जुलै 2022 मध्ये विद्यार्थिनीच्या मृत्यूनंतर पहिल्या तपासावर लोकांचा इतका अविश्वास होता की जमावाने शाळेत घुसून जाळपोळ केली.

हे सारे दूरचे म्हणून सोडून देता येणार नाही. राज्यातल्या आश्रमशाळांत दहा वर्षांत सुमारे 740 विद्यार्थी दगावल्याच्या बातम्यांची दखल घेत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारला नोटीस दिली होती. 2013 ते 2017 या काळात देशभरच्या नवोदय विद्यालयांत 49 आत्महत्या झाल्या आणि त्यांतले निम्मे विद्यार्थी दलित-आदिवासी होते. सप्टेंबर 2022 मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्याच मजितपूरच्या आश्रमशाळेतली सुमारे 120 मुले क्रीडास्पर्धेवरून परतताना एकाच ट्रकमध्ये कोंबण्यात आली. गुदमरून काही बेशुद्ध पडली. मुले वाचली म्हणून ट्रक कोणी ठरवला याची चर्चा तरी झाली. एखादे मूल गेले असते तर मर्गाच्या कागदावर ‘श्वास कोंडल्याने’ एवढेच उमटले असते.

बहुतेक मृत्यू ताप, सर्पदंश, सिकलसेल यांमुळे होतात, प्रत्येक वेळी शिक्षकाला संशयित का करायचे, असा आक्षेप येतो. आक्षेप अगदीच पोकळ नाही. अधीक्षकाची जबाबदारी घ्यायला आधीच कोणी तयार होत नाही. पण सर्पदंशातही मूल जमिनीवर झोपले होते का, खाट का नव्हती, गाडी किती वाजता निघाली, हे प्रश्न उरतातच. त्यांची उत्तरे निष्काळजी माणसाला अडकवतील, तशीच रात्रभर धावपळ करणाऱ्या अधीक्षकाला सोडवतीलही. मुलांना साक्षीसाठी ताणू नये, हा दुसरा मुद्दा आम्हाला मान्य आहे, आणि म्हणूनच त्यांचे जबाब शाळेबाहेर, बालकल्याण समितीच्या उपस्थितीत, महिला अधिकाऱ्याने एकदाच घ्यावेत. शाळेची बदनामी होते हा तिसरा आक्षेप मात्र ऐकून सोडून द्यावा, इतक्याच लायकीचा आहे.

अशा स्वतंत्र चौकशीसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. कोठडीबाहेरच्या संशयास्पद मृत्यूतही पोलीस तपासाच्या जोडीने स्वतः चौकशी करण्याचा अधिकार कलम 196 दंडाधिकाऱ्याला देतेच. तिथे सक्ती नाही, इतकेच. गोंदियाच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एक आदेश काढावा: जिल्ह्यातल्या कोणत्याही निवासी शाळेत, सरकारी असो, अनुदानित असो वा नामांकित, मूल दगावले की खोली सील होईल, चौकशी उपविभागीय दंडाधिकारी करतील, शवविच्छेदन गोंदियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, चित्रीकरणासह होईल, आणि अहवालाची प्रत अर्ज-विनंत्यांविना पालकांच्या घरी पोहोचेल, गोंडी किंवा छत्तीसगडी बोलणाऱ्या घरात तो वाचून दाखवणाऱ्या माणसासह.